कावळ्याचा पाय

डॉक्टर पागनिसांचा रामबागेतला दवाखाना
एका पेन ड्राइव्हमध्ये मावून
पलासियाला माझ्या टेबलावर आला.
एकवीस वर्षं, चौदा तक्ते.
रुग्ण एका तक्त्यात, त्यांचे पत्ते दुसऱ्यात,
भेटी तिसऱ्यात, पुड्या चौथ्यात.
कुणाचा साधा खोकला शोधायचा
तर चार दारं वाजवायची.
डॉक्टरांच्या मुलाला सगळं एकत्र हवंय, मोबाईलवर.

मॉडेलिंगच्या टूलमध्ये उघडलं
तर चौकटीच चौकटी, मधून ताणलेल्या रेघा,
आणि जिथे एकाचे अनेक होतात
तिथे रेघेला तीन बोटं फुटलेली.
आमच्या धंद्यात त्याला कावळ्याचा पाय म्हणतात.
एक रुग्ण, पुष्कळ भेटी: कावळा.
एक भेट, पुष्कळ पुड्या: कावळा.
ओल्या गच्चीवरून कुणी चालत गेल्यासारखा पडदा.

काम तसं सोपं.
चौकट उचलायची, दुसरीच्या पोटात सोडायची.
पत्ता रुग्णात, भेटी रुग्णात, पुड्या भेटीत,
बुटांत मोजे कोंबून बॅग भरतात तसं.
ज्याचं त्याचं गाठोडं.
डॉक्टर तेवढे बाहेर ठेवले, आत फक्त त्यांचा क्रमांक.
चार हजार गाठोड्यांत चार हजार पागनीस
घेऊन काय करायचं?

फीपाशी अडले.
फी एकाच जागी लिहिलेली, आजची, शंभर.
पण दोन हजार सहाच्या तापाला
आजचे शंभर कसे लावू?
पावत्यांचा तक्ता उकरला. वीस रुपये निघाले,
मग तीस, आणि मधेमधे
कितीतरी शून्यं.
त्या दिवशीची फी त्या दिवसापाशी ठेवली.
शून्यंसुद्धा.

रात्री साडेअकराला टूलनं लाल खूण केली.
त्रेसष्ट भेटी, रुग्ण क्रमांक ११८७,
आणि ११८७ कुणी नाहीच.
११८६ आहे, नळदुरुस्तीवाला, गुडघे.
११८८ आहे, चार वर्षांचा, गोवर.
मधे पडलेल्या दाताची जागा.
दर महिन्याचा दुसरा मंगळवार,
तीच गोळी, सकाळ-संध्याकाळ.
शेरा: झोप नीट.
शेरा: परीक्षेच्या दिवशी एकदा, वर्गात.
शेरा: झोप नीट.
शेवटचा मंगळवार फेब्रुवारीतला.

सकाळी नलूताई सुपेकरांना फोन लावला.
कंपाउंडर, पहिल्या दिवसापासून तिथल्याच.
"तुम्ही काय करून राहिल्या ते काही मला कळत नाही," म्हणाल्या,
"पण ते नाव मीच काढलं. डॉक्टरसाहेबांनीच सांगितलं.
लोक येऊन चौकशी करून राहिले होते, तिकडचे.
तारीख ठरायची होती ना.
भेटी नको काढू म्हणाले,
पुढच्या डॉक्टरला लागतील."
मी विचारलं, "नाव?"
पलीकडे कागदाच्या घड्या पडत राहिल्या, एक, दोन, तीन.
"पुडीवर पण लिहीत नव्हते मी,"
म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

तक्त्यात नाव पुसलं
तरी नावाचा रकाना उरतो,
आणि रिकामा रकाना येणाऱ्याजाणाऱ्याला
खुणावत राहतो.
या नव्या घरात तसं नाही.
ज्याला नाव नाही
त्याच्यात नावाची जागाच नसते,
काही गेलंय असं दिसतही नाही.
११८७ चं गाठोडं बांधलं:
त्रेसष्ट मंगळवार, एक गोळी,
एक परीक्षा.
टूलला सांगितलं, ही चूक नाही.
लाल खूण गेली.

दुपारी टेस्टिंगचा मालवीय आला, चहाचा कप घेऊनच.
जुन्यात रुग्ण चार हजार दोनशे पंधरा,
नव्यात चार हजार दोनशे सोळा.
"एक जास्त कसा आला?"

जास्त नाही, म्हटलं.
इतके दिवस एक कमी होता.